एक 'कोलॅब', तीन रविवार

हे प्रकरण 2024 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांतलं आहे. हौशी फोटोग्राफर आणि मॉडेलिंगमध्ये शिरू पाहणारी मुलंमुली यांच्यात मुंबईत जे 'कोलॅब' चालतं, त्यात नेमकं काय बिघडतं हे आधीच्या नऊ-दहा वर्षांत मला कळलं नव्हतं, ते या एका प्रकरणात कळलं. मुलीचं नाव देत नाही. लिहायच्या आधी तिला विचारलं, लिहून झाल्यावर तिला वाचायला पाठवलं आणि तिने सुचवलेल्या दोन दुरुस्त्या केल्या आहेत.

मी मुलुंडला राहतो, फोर्टमधल्या एका कार्यालयात हिशेब खात्यात आहे. कॅमेरा रविवारी हातात येतो. 24 मेगापिक्सेलची जुनी बॉडी, 50 मिलिमीटरची एक लेन्स, चेहऱ्यावर उजेड परतवणारा एक घडीचा रिफ्लेक्टर एवढाच संसार. 85 ची लेन्स लागली तर भाड्याने आणतो. मला माणसांचे चेहरे टिपायला आवडतात. गौतम राजाध्यक्षांची छायाचित्रं मासिकांत बघत माझी पिढी वाढली. तेही आधी जाहिरात संस्थेत नोकरीला होते आणि मग पूर्णवेळ छायाचित्रणाकडे वळले, याचा मला कायम आधार वाटायचा. मात्र एक गोष्ट मी विसरत होतो. त्यांच्यासमोर बसणाऱ्या सिनेतारे-तारकांना कॅमेऱ्याची सवय होती. माझ्यासमोर येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात पासपोर्ट फोटोसाठी सोडून कुणासमोर पोज दिलेली नसते.

कोलॅब म्हणजे पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. ती वेळ देते, मी फोटो देतो. फिल्मच्या काळात इंग्रजीत याला 'टाइम फॉर प्रिंट' म्हणायचे, कारण मॉडेलच्या हातात खरोखरच प्रिंट पडायच्या. आता फाइली पाठवतात. जानेवारीच्या शेवटी या मुलीचा मेसेज आला, "सर, कोलॅब करायचं का? मी पोर्टफोलिओ बनवतेय." वय 21, राहायला नालासोपाऱ्याला, बीकॉमचं शेवटचं वर्ष. तिचे मोबाइलवरचे फोटो पाहिले. रंग सावळा, गालाची हाडं ठळक, डोळे शांत. मी लगेच हो म्हणालो. चार ओळींचं बोलणं झालं, ठिकाण आणि वेळ ठरली. बाकी काहीच ठरलं नाही, आणि पुढचा सगळा गुंता तिथूनच सुरू झाला.

4 फेब्रुवारी

ठिकाण एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या. टाउन हॉलची ही इमारत 1833 मध्ये पूर्ण झाली. तिचं तोंड पश्चिमेला, हॉर्निमन सर्कलकडे आहे. त्यामुळे सकाळी सूर्य इमारतीच्या पाठीमागे राहतो आणि पायऱ्यांवर बराच वेळ मऊ, सावलीतला उजेड मिळतो. चेहऱ्यासाठी तो फार चांगला. लवकर जायचं ते उजेडासाठी नव्हे, गर्दी व्हायच्या आत मोकळ्या पायऱ्या मिळाव्यात म्हणून. लग्नाआधीचे फोटो काढणारे प्री-वेडिंगवाले आले की जागा उरत नाही, आणि तिपाई उघडलेली दिसली की कुणीतरी हटकायला येतंच.

वेळ पावणेसातची. मी पहाटेची लोकल पकडून सव्वासहाला सीएसएमटीला उतरलो. 85 ची लेन्स शनिवारी भाड्याने आणून ठेवली होती. मेकअपचा कोर्स करणारी एक मुलगी कल्याणहून यायला तयार झाली होती, तिलाही स्वतःच्या कामाचे फोटो हवे होते. ती साडेसहाला आली. आम्ही दोघं पायऱ्यांवर बसून राहिलो. सव्वासातला उजाडलं. फोन बंद. आठ वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला, "सर सॉरी, रात्रीपासून ताप आहे." मी लिहिलं, "काळजी घे." मेकअपवालीला नाश्ता दिला, तिची माफी मागितली.

परतीच्या प्रवासात मेगाब्लॉक लागला. गाडी रखडलेली असताना मोबाइल चाळत होतो, तेव्हा त्या मुलीची स्टोरी दिसली. जुहूच्या वाळूत, दुसऱ्या कुणाच्या तरी शूटवर, अंगावर पिवळा ड्रेस, वेळ त्याच सकाळची.

असं माझ्या बाबतीत पहिल्यांदा झालेलं नव्हतं. आदल्या वर्षी ठरलेल्या अकरा शूटपैकी चार वेळा समोरचं माणूस आलंच नाही. तरी या वेळी जास्त लागलं, कारण कल्याणहून आलेल्या त्या मुलीचा रविवार मी वाया घालवला होता. नकाराचा राग मला येत नाही. खोट्या तापाचा येतो. आदल्या रात्री "सर, जमत नाही" एवढं लिहायला काय लागतं, हा प्रश्न मी आठवडाभर घोकत होतो.

25 फेब्रुवारी

तिनेच पुन्हा मेसेज केला. मी स्टोरीबद्दल विचारलं. तिने सरळ सांगितलं, "तिकडे 1500 रुपये मिळणार होते सर. आदल्या रात्री अकराला फोन आला. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही." राग पूर्ण गेला नाही. पण मी फुकट बोलावत होतो आणि दुसरा पैसे देत होता, हेही खरं होतं. शिवाय पावणेसातला फोर्टात पोचायचं तर नालासोपाऱ्यातून तिला साडेचारच्या सुमारास घराबाहेर पडावं लागलं असतं, अंधारात, एकटीने. वेळ ठरवताना मी तिच्या स्टेशनचा विचारच केला नव्हता.

या वेळी आठची वेळ दिली, "आईला घेऊन ये" म्हणालो आणि जागा निवडली बॅलार्ड इस्टेट. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनीच आखलेला हा भाग रविवारी अगदी रिकामा असतो. सारख्या उंचीच्या दगडी इमारती, मध्ये रुंद रस्ते. उजेड समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो, तेव्हा रिफ्लेक्टर उघडायचीही गरज पडत नाही. मेकअपवाली मात्र आली नाही. तिने आदल्या दिवशी स्पष्ट कळवलं होतं.

दोघी वेळेवर आल्या. चार जोड कपडे, मोठी पिशवी आणि एक चादर. चादर कशाला, हे मला पहिला जोड बदलायची वेळ आली तेव्हा समजलं. एका बंद कार्यालयाच्या कमानीखाली आईने चादर धरली आणि मुलीने आत उभं राहून कपडे बदलले. मी पन्नास पावलं लांब, पाठ करून उभा. इतकी वर्षं मी मुलींना "तीन-चार लूक आण" असं सांगत आलो होतो. त्या कपडे कुठे बदलतात, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आधी आलेल्या मुलींनी काय केलं असेल? स्टेशनवरच्या प्रसाधनगृहात, हॉटेलात चहा घेण्याच्या निमित्ताने, नाहीतर एकावर एक कपडे घालून. त्यातल्या ज्या उशिरा आल्या त्यांच्यावर मी चिडलो होतो.

पहिले शंभर फोटो वाया गेले. मी "छान पोज दे" म्हणत होतो आणि ती मोबाइलवर पाहिलेल्या पोज देत होती, हात केसांत, ओठ किंचित पुढे, नजर वर. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं, कारण मी दुसरं काही सांगत नव्हतो. मग बदललं. "उजवा खांदा माझ्याकडे. हनुवटी थोडी पुढे, आता जराशी खाली. वजन मागच्या पायावर. तो लाल दरवाजा दिसतो ना, त्याचे खिळे मोज." खिळे मोजताना तिचा चेहरा सैल पडला. पुढचे दोन तास फार चांगले गेले.

एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण पुढच्या भांडणाचं मूळ तिच्यात आहे. मागे फिकट दगडी भिंत असली की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं. समोरचं सगळं मध्यम करड्या छटेला आणायचं, एवढंच त्याला माहीत असतं. भिंत उजळ म्हणून ते एकूण उजेड कमी करतं आणि सावळा चेहरा काळवंडतो. बरेच जण मग नंतर संगणकावर चेहरा ओढून उजळ करतात आणि त्वचा राखेसारखी दिसते. मी स्पॉट मीटरने फक्त चेहऱ्यावरचा उजेड मोजून, किती उजेड आत घ्यायचा ते एक्सपोजर हाताने ठरवून, तिचा रंग जसा आहे तसा, त्यातल्या तांबूस झाकेसकट येईल अशी काळजी घेतली. त्या दिवशीच्या 412 फोटोंत मला सगळ्यात जास्त अभिमान याचा होता.

बिघाड

त्याच रात्री तिचा मेसेज, "सर, सगळे फोटो पाठवा ना." मी सांगितलं, निवडून बारा देईन, दोन आठवड्यांत. तिने लिहिलं, "बाकीचे सगळे देतात सर. रॉ पण चालतील." रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची फाइल, न शिजवलेलं धान्य. एकेक फाइल पंचवीस-तीस एमबीची, मोबाइलवर धड उघडतही नाही. तीत डोळे मिटलेले, तोंड वाकडं झालेलंही सगळं असतं. मी दिली नाही. समजावूनही सांगितलं नाही, नुसतं "नाही देत" लिहिलं. तिची समजूत व्हावी म्हणून कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझं नाव टाकून तीन छोटे फोटो पाठवले.

मग मार्च उजाडला. हिशेब खात्यातल्या माणसाचा मार्च कसा जातो ते सांगायला नको. रात्री नऊला घरी, रविवारीसुद्धा कार्यालय. एका फोटोला मला अर्धा-पाऊण तास लागतो. 10 मार्चला द्यायचे फोटो मी 7 एप्रिलला दिले. मध्ये तिचे सहा मेसेज आले, त्यातल्या चारांना मी उत्तरच दिलं नाही. मार्चच्या मध्यावर अंधेरीला तिची एक ऑडिशन होती. तिथे तिने ते तीन छोटे फोटो नाव कापून दाखवले, कारण दाखवायला दुसरं काही नव्हतं.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला दिसलं ते एवढंच, की माझं नाव कापलेला फोटो तिच्या पानावर आहे आणि त्यावर चेहरा गोरा करणारा फिल्टर आहे. ज्या रंगासाठी मी तीन तास जपून काम केलं, तो पुसून टाकलेला. दोन दिवसांनी त्यातलाच एक फोटो दादरच्या एका बुटीकच्या जाहिरातीत दिसला, वर सवलतीचा आकडा आणि फोन नंबर. दुकानाने मला विचारलं नव्हतं.

मी फोन केला. आवाज चढलेला होता, हे मान्य करतो. फोन आईने उचलला. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. पण एकदा समोर बसून बोलू. मुलगी दोन दिवस जेवली नाही."

दादरची बैठक

14 एप्रिलच्या सुट्टीच्या दिवशी दादरला गर्दी असते, म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळी एका उपाहारगृहात भेटलो. दीड तास बसलो.

बुटीकचं कोडं लगेच सुटलं. शूटला घातलेल्या चारपैकी दोन ड्रेस त्या दुकानाने उसने दिले होते. बदल्यात फोटो द्यायचे, असं तिचं त्यांच्याशी ठरलं होतं. तिला वाटलं, फोटोत मी आहे म्हणजे फोटो माझा. कायदा तसं म्हणत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. नोकरीचा भाग म्हणून किंवा कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढला नसेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क कर्त्याचा. हा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. मी हे तिला सांगितलं, आणि सांगतानाच जाणवलं की हे बोलणं जानेवारीत व्हायला हवं होतं. ड्रेस कुठून आणलेस, हे मी विचारलं असतं तर दोन मिनिटांत सगळं ठरलं असतं. व्यवहारात पैसा नव्हता म्हणून हा व्यवहारच नाही, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ती माझ्याकडून, मी तिच्याकडून आणि दुकान आम्हा दोघांकडून काहीतरी घेत होतं.

फिल्टरबद्दल विचारलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग मोबाइल काढून ऑडिशनचे पाच-सहा मेसेज दाखवले. वय, उंची, आणि चारांमध्ये 'फेअर'. एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 2020 साली 'फेअर' हा शब्द गेला, पण या मेसेजांतून तो गेलेला नाही. "तुम्ही काढलेला माझा रंग मला आवडला सर," ती म्हणाली, "पण त्यांना नको असतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. त्या फिल्टरचा राग मात्र तिथेच उतरला.

खरी गोष्ट आईच्या तोंडून आली. अंधेरीतल्या एका 'कोऑर्डिनेटर'ने, म्हणजे काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाने, पोर्टफोलिओसाठी 40,000 रुपये सांगितले होते. त्याशिवाय कुठे नाव पुढे जाणार नाही म्हणे. आई पोळीभाजी केंद्रात काम करते. तिने भिशीचे पैसे उचलायची तयारी केली होती. माझे फोटो वेळेत आले असते तर त्याला नाही म्हणता आलं असतं, अशी तिची आशा होती. माझ्या प्रत्येक न दिलेल्या उत्तराबरोबर त्या 40,000 चा दिवस जवळ येत होता.

मी त्यांना जे सांगितलं ते इथेही लिहितो, कारण ते फार कमी मुलामुलींना कुणी सांगतं. नीट चालणारी एजन्सी नव्या मुलीकडे आधी पैसे मागत नाही. काम मिळवून दिल्यावर त्यातून कमिशन घेते. आणि सुरुवातीला त्यांना दगडी इमारतींपुढचे कलात्मक फोटो नकोच असतात. त्यांना 'डिजिटल्स' हवे असतात. साधी भिंत, मेकअप नाही, अंगाबरोबरचा साधा टी-शर्ट आणि जीन्स, केस मागे बांधलेले. समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठीमागून, पूर्ण उंचीचा, आणि जवळून चेहरा, एकदा हसताना, एकदा न हसता. फिल्टर अजिबात नाही. मुलगी प्रत्यक्षात कशी दिसते, एवढंच त्यांना बघायचं असतं. हे फोटो बऱ्या मोबाइलवरही निघतात.

हे मला आधीपासून माहीत होतं. तिने 'पोर्टफोलिओ' हा शब्द जानेवारीत वापरला तेव्हाच मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण डिजिटल्स काढण्यात मला रस नव्हता. मला तिचा चेहरा, तो दगड आणि तो उजेड हवा होता. मॉडेल लोक आपल्याला वापरून घेतात अशी तक्रार मी कित्येक वर्षं करत आलो आहे. या प्रकरणात माझ्याही वागण्याला दुसरं नाव देता येत नाही.

21 एप्रिल

डिजिटल्स आमच्या घरी काढले. मुलुंडच्या जुन्या इमारतीत जिन्याच्या वळणावर उत्तरेची मोठी खिडकी आहे, समोर पांढरी भिंत. कपडे बदलायला आतली खोली, चहापोह्यांना माझी बायको. चाळीस मिनिटांत काम झालं. त्याच दुपारी अकरा फोटो तिच्या मोबाइलवर गेले, काहीही न सुधारता. कोऑर्डिनेटरला त्यांनी नकार कळवला. मे महिन्यात दोन ठिकाणांहून बोलावणं आलं, एका ठिकाणी काम मिळालं, ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या कुर्त्यांच्या कॅटलॉगचं. दिवसाला तीसेक कुर्ते बदलायचे, पाठ मोडून जाते, असं ती सांगत होती, पण आवाजात आनंद होता. बुटीकने फोटोखाली माझं नाव टाकलं. पैसे मी मागितले नाहीत.

तेव्हापासून शूट ठरवण्याआधी मी एक मोठा मेसेज मराठीत पाठवतो. तुला हे फोटो नेमके कशासाठी हवे आहेत, हा पहिला प्रश्न असतो. पुढे वयाचा पुरावा मागतो. 18 पूर्ण नसतील तर आईवडिलांशी बोलल्याशिवाय पुढे जात नाही. सोबत कुणालाही आण, कपडे बदलायची जागा मी शोधून ठेवीन, हे लिहितो. दहा फोटो, तीन आठवड्यांत, आणि मार्चमध्ये शूट नाही. आदल्या रात्री नऊपर्यंत तुझं 'येते' किंवा 'येतो' आलं नाही तर मी घरातून निघणार नाही. फोटो तिसऱ्या कुणाला द्यायचा तर दोघांनी एकमेकांना विचारायचं. कुठे दाखवायचा असेल तर मीही विचारीन.

यामुळे सगळं सुरळीत झालं असं नाही. मेसेज पाहून काही जण उत्तरच देत नाहीत. "एवढे नियम कशाला सर," असं एकाने लिहिलं. त्या वर्षाअखेरपर्यंत सहा शूट ठरले, त्यातले दोन आदल्या रात्री रद्द झाले. पण रिकाम्या पायऱ्यांवर मी कुणाला घेऊन बसलेलो नाही.

एक फोटो राहिला. बॅलार्ड इस्टेटला दोन लूकच्या मध्ये ती फुटपाथच्या कडेला बसली होती. आई मागे उभी राहून तिच्या केसातली पिन काढत होती. तिच्या गालावर मुरुमाचा डाग, डोळ्यांत थकवा, नजर रस्त्यावर उतरलेल्या कबुतरांवर. माझ्या आजवरच्या कामात मला तो सगळ्यात चांगला वाटतो. एका प्रदर्शनाला पाठवायचा होता. जूनमध्ये तिला मोठ्या आकारात पाठवून विचारलं. तिने दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, "नको सर. यात मी मॉडेल दिसतच नाही. अजून दोन वर्षांनी विचारा."

फोटो माझ्या हार्ड डिस्कवर आहे. कुठेही पाठवलेला नाही.